कशी धुतलीस?

मिठात घातलेल्या लिंबांची बरणी हातात दिली तेव्हा मैत्रिणीनं आधी ती उजेडाकडे धरली, मग जराशी तिरपी करून आतला रस हलतो का पाहिलं, झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "सालं कशी धुतलीस गं?" मी म्हटलं, "स्वच्छ." ती "हं" म्हणाली, झाकण लावलं आणि आम्ही दुसरंच काहीतरी बोलायला लागलो. परतताना माझ्या डोक्यात आलं, तिनं 'कशी' विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं ते 'किती'चं उत्तर. खरं उत्तर असं होतं: नऊ लिंबं चाळणीत घातली, चाळणी नळाखाली धरली, दोनदा झुलवली आणि फडक्यावर ओतली. अर्धा मिनिट लागलं असेल. त्यातही अर्धं लक्ष फोनकडे. बाकीचं सगळं मी फार मन लावून केलं होतं हो. बरणी उकळत्या पाण्यातून काढून पालथी घातली होती, मीठ तव्यावर कोरडं करून घेतलं होतं, सुरी नवी पाजळून आणली होती. म्हणजे बरणी निर्जंतुक, सुरी धारदार, मीठ कोरडं, आणि ज्याच्यासाठी हा थाट त्या फळाची नुसती आंघोळ उरकलेली.

ते "हं" मला पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिलं. माणसाला आपलं खोटं पकडलं गेल्यापेक्षा ते बहुतेक पकडलं गेलं असावं, ही शंका जास्त छळते. बरं, खोटंही धड नाही. लिंबं घाणेरडी नव्हती. पिवळीधमक, गुळगुळीत, एका साच्यातून काढल्यासारखी एकाच मापाची लिंबं. त्यांच्यावर धुण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटेल? पाणी तर त्यांच्यावर ठरतसुद्धा नव्हतं. थेंब गोल गोल होऊन घरंगळत होते. तेव्हा मला ते छान वाटलं होतं. किती ताजी आहेत, असं मी मनात म्हणाले होते.

उरलेली चार लिंबं फ्रिजमध्ये होती. तीन दिवसांनी ती ओट्यावर काढून ठेवली आणि विसरले. बाहेरच्या हवेत त्यांना दरदरून घाम फुटला, मग तो वाळला, आणि संध्याकाळी पाहते तर सालीवर पांढुरके चट्टे. आधी बुरशी वाटली. पण बुरशी मऊ असते, बोटाला लागते, तिला ओलसर कुबट वास येतो. हे तसलं नव्हतं. नखानं खरवडलं तर नखात पांढरी, चिकटसर भुकटी जमली. मेणबत्ती खरवडल्यावर जमते तशी. वास कशाचाच नाही. लिंबाचासुद्धा नाही.

आजीच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. त्याची लिंबं कधीच चकाकायची नाहीत. कुणावर काट्यानं ओढलेली तपकिरी रेघ, कुणावर गंजासारखा डाग, कुणाच्या देठापाशी कोळ्याचं जाळं, आणि मुंग्या तर गृहीतच धरलेल्या. बरणी भरायच्या आदल्या दिवशी ती सगळी लिंबं ओल्या फडक्यानं पुसून काढायची, मग कोरड्या फडक्यानं, मग सावलीत पसरून ठेवायची, एकमेकांना न टेकवता. आमचं काम राखणीचं. "पाण्याचा एक थेंब राहिला तर ते बुरशीला आवतण," हे तिचं वाक्य तिच्या इतर वाक्यांसारखंच आज्ञेच्या सुरात असायचं. पण त्या लिंबाला नख लावलं की बारीक फवारा उडायचा आणि बोट दिवसभर वास मारायचं. तिला धुवायचं म्हणजे धूळ काढायची होती. मी तिच्याकडून कोरडं करणं शिकले. घासणं शिकले नाही, कारण तिथे घासण्यासारखं काही नव्हतंच. आपण शिकलेली रीत आपल्या हातातल्या वस्तूला लागू आहे की नाही, हे पाहायचं राहून जातं ते असं.

तर ते पांढरं काय होतं? लाख. निदान माझ्या लिंबांवरची लक्षणं तरी लाखेची होती, कारण थंडीतून उबेत आणलेलं फळ घामेजलं की लाखेचा लेप असा पांढरा पडतो. झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे राळ सोडतात, ती खरवडून, वितळवून, गाळून जे होतं तेच हे. हिनंच लखोट्यांवर मोहरा उठायच्या, हीच लाकडी सामानाला पॉलिश म्हणून चढते, आणि व्हायनल येण्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्या हिच्याच जोरावर घट्ट राहायच्या. खाण्याच्या पदार्थांत तिचा क्रमांक ई ९०४. शेजारचा ई ९०३ म्हणजे कार्नौबा, ब्रेझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, जे मोटारींच्या पॉलिशमध्येही असतं. ई ९०१ म्हणजे मधमाश्यांचं मेण. यांतलं एक किंवा मिश्रण, कधी कारखान्यातलं पॉलिथिलीनचं मेणही, पाण्यात कालवून फळांवर फवारतात, ब्रशांच्या रुळांवरून फळं गडगडत जातात आणि गरम हवेत वाळून चकाकत बाहेर येतात. हे वाचल्यावर काही वेळ मला त्या बरणीकडे पाहवेना. मैत्रिणीला मी ग्रामोफोनची तबकडी मिठात घालून दिली होती.

मग राग आला. पहिला राग नेहमी दुकानदाराचा येतो, पण तो फार टिकला नाही. कारण यात फसवणूक कुठे आहे, हे शोधायला गेलं की सापडत नाही. झाड स्वतःच फळाला मेणाचा पातळ थर देतं. बागेतून आलेलं फळ माती, औषधं, चिकटा काढण्यासाठी ब्रशानं धुतात, त्यात हा थर निघून जातो. मग फळातलं पाणी उडायला लागतं, साल सुरकुतते, आणि तीन आठवड्यांच्या प्रवासानंतर पेटी उघडल्यावर आत सुकलेल्या गोट्या निघतात. म्हणून काढलेल्या मेणाच्या जागी दुसरं मेण. शिवाय हिरवी आणि निळी बुरशी. पेनिसिलियम कुळातल्या या दोन बहिणी लिंबू-संत्र्याच्या जन्माच्या वैरिणी, सालीवर बारीकशी खरचट सापडली की आत शिरतात. त्यांच्यासाठी इमॅझॅलिल, थायाबेंडाझोल अशी औषधं. ती कधी धुण्याच्या पाण्यात, कधी त्या मेणातच मिसळलेली. युरोपीय संघात अशी औषधं वापरलेल्या फळांच्या पेटीवर तसं लिहावं लागतं. रंगाचीही तीच कथा. रात्री पुरेशा थंड नसतील तर संत्रं आतून गोड होऊनही बाहेरून हिरवंच राहतं, त्याला कोठीत इथिलीन वायूचा अगदी सौम्य धूर दिला की सालीतला हिरवेपणा विरतो आणि खालचा नारिंगी वर येतो. आतलं फळ मात्र एकदा तोडलं की आणखी पिकत नाही, जसं तोडलं तसंच राहतं. या सगळ्यात एकच गृहीत धरलेलं असतं: माणूस साल काढून टाकणार आहे.

आणि मला नेमकी सालच हवी होती.

मिठात मुरवायचं असो, साखरेत पाकवायचं असो की मार्मालेड, म्हणजे सालीसकट जॅम, करायचं असो, या कुळातल्या फळाची साठवण ही मुळात सालीचीच साठवण आहे. रस काय, पिळला की दुसऱ्या दिवशी शिळा. खरा ऐवज त्या रंगीत कातडीतल्या बारीक पिशव्यांमध्ये असतो. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन नावाच्या एकाच द्रव्याचा. हे तेल इतकं तिखट स्वभावाचं की फुगवलेल्या फुग्याजवळ साल पिळली तर फुगा फुटतो, ज्योतीजवळ पिळली तर ठिणग्या उडतात. तेलकट, मेणचट डाग काढायच्या द्रावणांत हेच तेल घालतात. आणि इथे ते मेणाच्याच खाली गपगुमान बसलेलं. मला यात विनोद दिसला, पण सांगायला घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी लिंबं आणली तीच मुळी चाचपून, पंधरा मिनिटं लावून. हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा जड लागलं पाहिजे. हलकं लागलं तर आत रस कमी आणि सालीखालचा पांढरा गर फार. दाबल्यावर जरासं दबून परत यावं. देठाची टिकली हिरवी असेल तर फळ फार दिवस भटकलेलं नाही. बिनमेणाचीही मिळतात, आणि सालीसकट खायची असतील तर तीच घ्यावीत, हे सरळ आहे. पण ती त्या दिवशी नव्हती, आणि मला थांबवत नव्हतं. असं काहीतरी अर्धवट मनात धरून घरी आले की ते आधी संपवल्याशिवाय मला दुसरं सुचत नाही.

आधी कोमट पाण्यानं प्रयत्न केला. काही झालं नाही, कारण होणारच नव्हतं. कार्नौबा मेण वितळतं ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला. कोमट पाण्यानं त्याला फक्त बरं वाटतं. मग किटली उकळवली. पाच लिंबं चाळणीत घेतली, वरून उकळतं पाणी ओतलं, जेमतेम दहा सेकंद. साल शिजवायची नाही, मेण सैल करायचंय. आणि लगेच एकेक उचलून, हात भाजत, नळाच्या थंड धारेखाली ब्रशानं घासायचं. सगळी एकदम घेतली तर शेवटच्या लिंबाची पाळी येईपर्यंत त्याच्यावरचं मेण पुन्हा घट्ट बसतं, म्हणून पाच-पाचच. पहिल्या लिंबाला ब्रश लावल्यावर काही कळलं नाही. तिसऱ्याला कळलं. बोटाखालचा तो निसरडेपणा एकदम तुटला, साल बोटाला धरायला लागली, आणि वास आला. आला म्हणजे स्वयंपाकघरभर झाला. तोपर्यंत टोपलीभर लिंबं घरात असून घराला लिंबाचा वास नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं. ब्रशाच्या केसांत करडा, मेणकट मळ अडकलेला. पाणी आता सालीवर गोल थेंब न होता पसरत होतं. आधी छान वाटलेले ते घरंगळणारे थेंबच चुगली करत होते, आणि मी त्यांना ताजेपणा समजले होते.

साबण लावायचा मोह झाला. लावू नये. साल सच्छिद्र असते, साबण आत शिरून बसला तर मेण परवडलं म्हणायची वेळ. खाण्याचा सोडा मात्र पाण्यात घातला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर हे करून पाहिलं होतं: सोड्याच्या सौम्य पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन औषधं नुसत्या पाण्यापेक्षा बरीच जास्त निघाली. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की थायाबेंडाझोलचा काही भाग सालीत आधीच उतरलेला असतो, आणि तो धुण्याच्या पलीकडे गेलेला असतो. लिंबं म्हणजे सफरचंदं नव्हेत. तरी मी मुकाट्यानं पंधरा मिनिटं ती सोड्यात बुडवली आणि शेजारी उभी राहिले. काही गोष्टी आपण परिणामासाठी करतो, काही 'आपण केलं' म्हणून करतो, आणि सोड्यात बुडालेल्या लिंबांकडे पाहत उभं असताना यातलं कुठलं चाललंय ते सांगता येत नाही.

नंतर टिकल्या उपटल्या. प्रत्येक टिकलीखाली इवलीशी काळी खळगी, तीत मळ. मग कोरडी फडकी, मग रात्रभर पसरून ठेवणं, एकमेकांना न टेकवता. इथे मी पुन्हा आजीच्या हद्दीत आले होते.

सकाळी पाहिलं तर लिंबं कुरूप दिसत होती. चकाकी गेलेली, रंग जरासा उतरलेला, मेणाखाली झाकलेले डाग आणि ओरखडे वर आलेले. एकावर तर अगदी काट्यानं ओढल्यासारखी तपकिरी रेघ. कुठल्या देशातलं झाड, कुठला काटा, कुणाला ठाऊक. मला एकदम त्या लिंबांबद्दल बरं वाटलं आणि त्याच वेळी जरा वाईटही. मेण गेलं म्हणजे आता ती टिकणार नाहीत. कालपर्यंत महिनाभर निवांत राहिली असती, आता आठवडाभरात सुकतील. माझ्या आधी कुणीतरी त्यांना टिकवलं होतं, पूर्ण विचार करून, पैसे घालून, समुद्र पार करता येईल इतकं. ते मोडून मी त्यांना माझ्या पद्धतीनं टिकवायला निघाले होते, आणि माझी पद्धत जास्त खरी आहे असं मला का वाटत होतं, याचं उत्तर माझ्याकडे 'मीठ' एवढंच होतं.

टिकवताना नेमकं काय टिकतं, हाही एक घोळच आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, आजारी बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ते झपाट्यानं सुधारले. सहा दिवसांत जहाजावरची फळं संपली, पण तेवढ्यानं काम झालं होतं. पुढची अडचण अगदी माझ्यासारखीच: फळ टिकवायचं कसं? लिंडनं सुचवलं की रस मंद आचेवर आटवून दाट करून बाटल्यांत भरावा. रंग राहिला, आंबटपणा राहिला, बाटल्या वर्षानुवर्षं राहिल्या. ज्याच्यासाठी खटाटोप होता ते जीवनसत्त्व मात्र आटवताना बरंचसं नष्ट झालं. त्या काळी त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं, मग ते गेलं हे कळणार कसं? ही गोष्ट वाचल्यापासून आटवलेल्या कुठल्याही रसाकडे पाहताना मला एक निष्ठावंत, मेहनती, चुकलेला माणूस दिसतो.

मिठाचं काम बाकी सोपं. लिंबाला वरून चार चिरा, खालपर्यंत न तोडता. फाकवून आत मोठा चमचाभर मीठ, बरणीत दाबून बसवायचं, इतकं की रस सुटून वर यावा. नाहीच आला तर आणखी लिंबं पिळायची. साल रसाबाहेर डोकावता कामा नये, डोकावली की तिथेच बुरशी धरते. झाकण धातूचं असेल तर मध्ये कागद, कारण मीठ आणि आंबट मिळून पत्रा खातात. मग रोज एकदा बरणी उलटी-सुलटी. तीन-चार आठवड्यांत साल मऊ पडते, कडवटपणा निवतो आणि काचेसारखी पारदर्शक झाक येते. मुरणं म्हणजे काय हे सांगायला आपल्या भाषेत एक शब्द पुरतो. उरलेल्या सालांचं आणि दोन संत्र्यांचं मी मार्मालेड केलं. बियांची मलमलीच्या फडक्यात पुरचुंडी बांधून पातेल्यात सोडली, कारण घट्ट करणारं पेक्टिन बहुतेक बियांत आणि पांढऱ्या गरात. १०४ अंशांच्या पुढे मिश्रण गेलं की थंड बशीवरचा थेंब बोटानं ढकलल्यावर सुरकुततो. माझा पहिल्यांदा नुसताच पळाला. दुसऱ्यांदा सुरकुतला. याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

नवी बरणी भरून झाल्यावर मला आता खरं बोलणं परवडणार होतं, म्हणून मैत्रिणीला फोन केला. थेट मुद्द्यावर आले. म्हटलं, "ती सालं मी नुसती नळाखाली धरली होती. घासली नव्हती. वर मेण होतं. तुला नवीन बरणी देते, ती टाकून दे."

"ती कधीच संपली," ती म्हणाली. "पण मग स्वच्छ काय म्हणालीस?"

"तू संशयानं विचारलंस असं वाटलं."

"संशय कसला? मला करायची होती म्हणून विचारलं. तू म्हणालीस स्वच्छ, म्हणून मीही स्वच्छ धुतली."

मी जरा थांबून विचारलं, "कशी?"

"कशी म्हणजे? नळाखाली."

दोन मोठ्या बरण्या भरल्यात तिनं. साल आता काचेसारखी दिसायला लागलीये, म्हणाली. एक माझ्यासाठी ठेवलीये.